रेंज फुल, तरी गाडीत नेट का चालत नाही?

आमच्या आत्तेभावाने जुनी ट्रॅव्हलर घेतली, सीटा काढून आत झोपायची सोय, छोटा ओटा, पाण्याची टाकी, सगळं सोलापुरातच करून घेतलं. आता नवरा-बायको महिन्यातले आठ-दहा दिवस गाडीतनंच ऑफिसचं काम करतात. परवा हिप्परग्याच्या तलावावरनं त्याचा फोन आला, "दादा, रेंज फुल दाखवालंय पण नेट चालंना, राऊटर बदलू का?" हा प्रश्न लई जणांना पडतो आणि याचं उत्तर दहावीच्या बीजगणितात आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी कांड्यांचं बघू. रेंजच्या कांड्या टॉवरचा आवाज किती मोठा येतोय एवढंच सांगतात. गड्ड्याच्या जत्रेत शेजारचा माणूस बोंबलून बोलला तरी कळत नाही ना, तसं आहे हे, आवाज मोठा असून उपयोग नाही, आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा तो किती वर आहे ते महत्त्वाचं. राऊटरच्या सेटिंगमध्ये हे दोन्ही आकडे दिसतात. आरएसआरपी म्हणजे आवाज, उणे 80 मस्त आणि उणे 110 मरतुकडा, आणि या दोघांत हजारपट फरक आहे (आकडे डेसिबलच्या हिशोबाचे, दर 10 ला दहापट). एसआयएनआर म्हणजे गोंगाटाच्या वर किती, 20 असेल तर झकास, 0 म्हणजे सिग्नल आणि गोंगाट बरोबरीला.

त्यात गाडीचा पत्रा. धातूच्या पिंजऱ्यात बाहेरचं विद्युतक्षेत्र शिरत नाही हे मायकेल फॅरेडेने 1836 मध्येच दाखवलं होतं. 4जीची 1800 मेगाहर्ट्झची लहर साधारण 17 सेंटीमीटरची आणि खिडकी त्याहून मोठी, त्यामुळे खिडकीतनं ती येते, पण काचेवर धातूचा थर असलेली सनफिल्म असेल तर तीही वाट बंद. म्हणून अँटेना टपावर पाहिजे.

आता माझा आवडता भाग, मायमो, म्हणजे एकापेक्षा जास्त अँटेना एकाच वेळी वापरायची युक्ती. 4जी टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर, एकाच वेळी दोन वेगवेगळे डेटा पाठवतो, त्यांना क्ष आणि य म्हणू. हवेत दोन्ही मिसळतात. राऊटरच्या एका अँटेनाला 3क्ष + य मिळतं, दुसऱ्याला क्ष + 2य. दोन समीकरणं, दोन चलं, सुटलं! 3, 1, 1, 2 हे सहगुणक राऊटरला कळतात कारण टॉवर मधूनमधून आधीच ठरलेले संकेत पाठवत राहतो (खरे सहगुणक संमिश्र संख्या असतात, कारण लहर कुठल्या टप्प्यावर आहे, म्हणजे तिची कला (फेज), हेही धरावं लागतं). पण दोन्ही अँटेना जवळजवळ सारखंच ऐकत असतील तर? समजा क्ष + य = 10 आणि क्ष + 1.01य = 10.05, उत्तर 5 आणि 5. आता गोंगाटामुळे 10.05 चं 10.10 झालं, उत्तर थेट 0 आणि 10! निश्चयक (सहगुणकांच्या तिरप्या गुणाकारांची वजाबाकी, इथे 1.01 − 1 = 0.01) शून्याजवळ गेला की चिमूटभर गोंगाट सगळं उत्तर फिरवतो. म्हणून दोन अँटेना एकमेकींना काटकोनात, एक 45 अंश उजवीकडे आणि एक डावीकडे कललेली लागते, आपल्या सपाट माळरानावर तर जास्तच, कारण लहरी आपटून वेगवेगळ्या वाटेने यायला तिथं इमारती नाहीत.

भावाच्या राऊटरच्या मागं बघितलं तर दोन सोनेरी आट्यांची सॉकेटं, एकात केबल आणि दुसऱ्यावर प्लॅस्टिकची टोपी तशीच. चलं दोन, समीकरण एकच. कॅट 4 (4जीचा एक वेगवर्ग) राऊटरचे 150 एमबीपीएस हे दोन अँटेनांचे असतात, एकीवर निम्मेच.

मोबाईलवर चिकटवायचे ते रेंज वाढवणारे सोनेरी स्टिकर घेऊ नका, त्यांना ना वीज आहे ना अँटेनाशी जोडणी, ती निव्वळ फसवणूक आहे. परवानगीशिवाय बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारं विजेवरचं यंत्र, लावणं बेकायदेशीर आहे आणि तो गोंगाटही वाढवतो.

राऊटर घेताना बँड (मोबाईल कंपन्या वापरतात ते फ्रिक्वेन्सीचे पट्टे) 3, 5, 8, 40 आहेत का बघा, अमेरिकेतनं मागवलेल्यात यातले काही नसतात. बाहेरची अँटेना जोडायला दोन सॉकेटं हवीत, बऱ्याच राऊटरवरच्या उभ्या दांड्या नुसत्या वायफायच्या असतात. केबल आखूड आणि जाड घ्या, पातळ केबल पाच मीटर ओढली की निम्म्याहून जास्त सिग्नल त्यातच जिरतो. घरगुती राऊटरवर बहुतेक 40 अंशांपर्यंत असं लिहिलेलं असतं, आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा त्याच्या वर जातो, बंद गाडीचं तर विचारूच नका.

भावाने राऊटर डॅशबोर्डवरनं काढून बेडखाली सावलीत ठेवला, टपावर दोन्ही अँटेना, दोन्ही केबली. हिप्परग्याला त्याच जागी गाडी लावली, कांड्या तेवढ्याच, पण एसआयएनआर 3 चा 14 झाला आणि त्याच्या बायकोची मीटिंग तासभर एकदाही अडकली नाही.