खोलीचं भाडं आणि औषधांची कपात: मेडिक्लेममधल्या एका कलमाची पार्श्वभूमी

हॉस्पिटलच्या बिलातल्या औषधांचे किती पैसे विमा कंपनीने द्यायचे, या भांडणाच्या मुळाशी बरेचदा एकच कलम असतं. खोलीभाड्याला मर्यादा, आणि ती ओलांडली की बाकीच्या बिलाला लागणारी प्रमाणशीर कपात. टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेच्या पत्रात ते ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’ म्हणून येतं. बहुतेकांना ते पहिल्यांदा कळतं तेव्हा पेशंट घरचे कपडे घालून खाटेवर बसलेला असतो आणि मुलगा बिलिंग काउंटरवर फोन फिरवत असतो.

१९८६ मध्ये सरकारी कंपन्यांनी मेडिक्लेम आणली तेव्हा खोली, शस्त्रक्रिया, औषधं अशा प्रत्येक बाबीला वेगळी कमाल रक्कम होती. औषधांचं खातं संपलं की पुढचं खिशातून. १९९६ मध्ये या बाबवार मर्यादा निघाल्या आणि विमा रकमेच्या आत कुठल्याही बाबीवर कितीही खर्च चालू लागला. कागदोपत्री तरी पॉलिसीधारकाचा हा सगळ्यात सरळ काळ. (‘आजार आधीपासूनचा होता’ म्हणून क्लेम परत पाठवणं त्या काळात इतकं सर्रास होतं, की मर्यादा निघाल्याचा आनंद फार कुणाला उपभोगता आला नसावा.)

एक गोष्ट मात्र पहिल्यापासून ठरलेली होती. विमा मिळणार तो किमान २४ तास दाखल झाल्यावर. त्याला जोडून दाखल होण्याआधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस, तेही त्याच आजारापुरते. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, थायरॉइडच्या गोळ्या मेडिकलमधून दरमहा स्वतःच्या पैशाने आणायच्या. पुढे डे-केअर (२४ तास दाखल न राहता होणारे उपचार) आलं, काही पॉलिसींत ओपीडीची जोड आली, पण मूळ साचा खाटेचाच राहिला.

औषधांच्या किमतींचं नियंत्रण तर दुसऱ्याच मंत्रालयात, दुसऱ्याच कायद्याखाली चाललं होतं. १९७९ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात ३४७ औषधं नियंत्रणाखाली होती, १९८७ मध्ये १४२ राहिली, १९९५ मध्ये ७४. २०१३ पासून अत्यावश्यक यादीतल्या औषधांना कमाल किंमत लागू झाली, पण ती उत्पादनखर्चावरून काढलेली नव्हती. बाजारात किमान १ टक्का वाटा असलेल्या ब्रँडच्या किमतींची सरासरी आणि त्यावर विक्रेत्याचे १६ टक्के, असं तिचं सूत्र. यादीबाहेरच्या औषधांची छापील किंमत कंपनी ठरवते, वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. या सगळ्यात विमा कंपन्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही फारसा रस दाखवला नाही. महाग औषधाचा भार पेशंटवर ढकलायची सोय त्यांच्याकडे होती, ती अशी.

२००० नंतर खासगी कंपन्या आल्या, पाठोपाठ टीपीए आणि कॅशलेस, म्हणजे हॉस्पिटलचं बिल कंपनीने परस्पर भरायची सोय. २००७ पर्यंत आगीच्या विम्याचे दर ठरवून दिलेले होते, त्यात भरपूर नफा होता, आणि तेच मोठं गिऱ्हाईक टिकावं म्हणून कारखान्यांना कामगारांची ग्रुप मेडिक्लेम पडत्या भावात दिली जायची. दर मोकळे झाल्यावर आगीतला नफा आटला आणि आरोग्यातला तोटा उघडा पडला. याच सुमारास सरकारी कंपन्यांच्या पॉलिसींत खोलीभाडं दिवसाला विमा रकमेच्या १ टक्का, आयसीयू २ टक्के अशी मर्यादा शिरली. जुलै २०१० मध्ये तर या कंपन्यांनी मुंबई-दिल्लीतल्या मोठ्या हॉस्पिटलांची कॅशलेस सोयच बंद केली. त्याचा गाजावाजा झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या. खोलीभाड्याचं कलम मात्र बिनबोभाट बसलं, आणि माझ्या मते पॉलिसीधारकांना जास्त महागात तेच पडलं.

हिशेब मांडून बघा. विमा ३ लाखांचा, म्हणजे खोलीची मर्यादा दिवसाला ३,००० रुपये. सेमी-प्रायव्हेट रिकामी नव्हती म्हणून ६,००० ची खोली घेतली, ४ दिवस राहिलात. खोलीचे २४,०००, सर्जन, भूल आणि ओटी मिळून ८०,०००, औषधं ६०,०००, तपासण्या १६,०००. एकूण १ लाख ८० हजार. कुणालाही वाटेल की खोलीचे वरचे १२,००० आपण भरायचे. पण खोली मर्यादेच्या दुप्पट, म्हणून अख्खं बिल निम्मं व्हायचं आणि पेशंट ९०,००० भरून घरी जायचा.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. मोठ्या हॉस्पिटलात सर्जनची फी, ओटीचे दर, व्हिजिट चार्जेस खोलीच्या वर्गाप्रमाणे चढतात. तीच शस्त्रक्रिया, तोच सर्जन, पण जनरल वॉर्डात एक दर आणि डीलक्समध्ये दुसरा. वरच्या वर्गाचा वाढीव दर कंपनीने का सोसावा, हा प्रश्न रास्त आहे. पण औषधाच्या स्ट्रिपवर एमआरपी छापलेली असते. अँटिबायोटिकच्या इंजेक्शनला पेशंट कुठल्या मजल्यावर झोपलाय हे कळत नाही. तरीही त्याचे पैसे निम्मे व्हायचे. १९९६ मध्ये पुढच्या दाराने गेलेली औषधांची मर्यादा मागच्या दाराने परत आली होती, आणि ती किती हे पॉलिसीत कुठे लिहिलेलंही नव्हतं.

हे थांबायला जून २०२० उजाडला. विमा नियामक आयआरडीएआयने मार्गदर्शक सूचना काढल्या: औषधं आणि कन्झ्युमेबल्स (हातमोजे, सिरिंज अशा वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट आणि उपकरणं, तपासण्या यांवर प्रमाणशीर कपात लावायची नाही, आयसीयूच्या खर्चावर नाही, आणि जिथे खोलीनुसार दर बदलत नाहीत अशा हॉस्पिटलात मुळीच नाही. नव्या पॉलिसींना त्या ऑक्टोबर २०२० पासून लागू झाल्या, जुन्यांना एप्रिल २०२१ पासूनच्या नूतनीकरणाला. वरच्या उदाहरणात पेशंटचा वाटा ९०,००० वरून ५२,००० वर येतो. उरलेली कपात ‘असोसिएट मेडिकल एक्स्पेन्सेस’वर, म्हणजे खोलीशी निगडित वैद्यकीय खर्चावर. त्यात काय काय धरायचं याची व्याख्या मात्र कंपनीने पॉलिसीत स्वतः लिहायची. व्हायचं तेच झालं. हॉस्पिटलने औषधं वेगळी न दाखवता पॅकेजमध्ये, म्हणजे उपचाराच्या एकरकमी दरात टाकली की ती पुन्हा कात्रीत सापडतात. म्हणून डिस्चार्जच्या वेळी फार्मसीचं तपशीलवार बिल मागून घ्यावं, नुसत्या ‘पॅकेज’च्या ओळीवर सही करू नये.

या सुधारणेत हॉस्पिटलांच्या नफ्याला कुणी हात लावला नाही. औषधांचं किंमत नियंत्रण करणाऱ्या प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत मार्जिन आढळलं, आणि त्याचा मोठा वाटा उत्पादकाकडे नाही तर हॉस्पिटलकडे जात होता. हॉस्पिटलच्याच फार्मसीतून औषधं घ्यायला लावण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने थेट आदेश न देता धोरण ठरवण्याचं काम राज्यांवर सोपवलं.

२०२४ मध्ये आधीच्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षाकाळ (पॉलिसी घेतल्यावर त्यांचा खर्च मिळू लागेपर्यंत थांबायचा काळ) ४८ महिन्यांवरून ३६ वर आला, आणि डिस्चार्जची मंजुरी ३ तासांत देण्याचं बंधन आलं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, बहुतेक औषधांवरचा ५ टक्क्यांवर आला. ग्रुप पॉलिसींच्या हप्त्यावर तो कायम आहे, आणि नोकरदारांच्या त्याच पॉलिसींत १ टक्का खोलीभाड्याचं कलम आजही सर्रास सापडतं.