गास्पाचो

गास्पाचो हे दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाचे, चुलीवर न चढवता केलेले थंड सूप. कच्चे टोमॅटो, काकडी, हिरवी गोड मिरची, लसूण, शिळा पाव, ऑलिव्ह तेल, व्हिनेगर, मीठ आणि पाणी एवढ्यावर ते होते. सेव्हिया आणि कोर्दोबाकडे उन्हाळ्यात पारा ४०च्या वर जातो. तेव्हा ते वाडग्यातून खाल्ले जाते, तसेच पेल्यातून प्यायलेही जाते.

आज त्याची ओळख लाल रंगावरून पटत असली, तरी टोमॅटो आणि मिरची अमेरिका खंडातून, म्हणजे कोलंबसच्या १४९२च्या सफरीनंतर स्पेनमध्ये आली. मूळ पदार्थ शेतमजुरांचा. लाकडी काठवटीत (हिला तिथे 'दोर्नियो' म्हणतात) लसूण आणि मीठ कुटायचे, भिजवलेला पाव मळायचा, तेल जिरवायचे आणि व्हिनेगर-पाण्याने पातळ करायचे. १७४७ साली छापलेल्या हुआन दे ला माता यांच्या 'आर्ते दे रेपोस्तेरिया' या पुस्तकातल्या गास्पाचोतही टोमॅटो नाही. पाव आणि तेल हाच त्याचा पाया आहे. पाव वगळलेले गास्पाचो पुष्कळदा चांगले लागते, पण ते पातळ होते आणि लवकर फुटते.

चार जणांसाठी १ किलो पूर्ण पिकलेले टोमॅटो, ६० ग्रॅम लांब हिरवी गोड मिरची (तिच्या जागी ढोबळी चालते), १०० ग्रॅम सोललेली काकडी, लसणाची १ लहान पाकळी, ५० ग्रॅम शिळा पाव, ५० मिली एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल, ३० मिली शेरी व्हिनेगर आणि चमचाभर मीठ घ्यावे. पाव गोड नसावा. भाज्या चिरून मीठ लावून अर्धा तास ठेवाव्यात. त्यांना पाणी सुटते आणि तेच पाव भिजवायला पुरते. मग सगळे मिक्सरमधून बारीक करावे, मिक्सर चालू असतानाच तेलाची बारीक धार सोडावी, शेवटी व्हिनेगर घालावे आणि गाळणीतून दाबून गाळावे. दाटपणा पाहून २०० मिलीपर्यंत गार पाणी घालावे. फ्रिजमध्ये निदान २ तास ठेवावे.

तेल एकदम ओतले तर ते वर तरंगते. धारेने घातले तर त्याचे बारीक थेंब पावात आणि टोमॅटोच्या गरात अडकतात, सूप मऊसर होते आणि रंग लालऐवजी नारिंगी दिसतो. हा रंग दोष नव्हे. कडवटपणा आला तर बहुधा काकडीचे टोक किंवा साल कारण असते, म्हणून आधी एक चकती चाखून पाहावी. उग्र तेल फार वेळ घुसळल्यानेही कडू चव येते. लसूण रात्रभरात चढत जातो, त्यामुळे पाकळीतला हिरवा कोंब काढावा आणि 'आणखी एक पाकळी' हा मोह टाळावा. गार झाल्यावर मीठ आणि आंबटपणा दोन्ही मंद लागतात, तेव्हा अखेरची चव थंड झाल्यावरच घ्यावी. घाईत बर्फ घातल्यास सूप पाणचट होते. फिक्या, कच्चट टोमॅटोंवर मात्र इलाज नाही. साखर घालून आंबटपणा झाकता येतो, चव येत नाही.

वर काकडी, मिरची, कांदा, उकडलेले अंडे किंवा तळलेल्या पावाचे बारीक तुकडे घेतात. फ्रिजमध्ये ते दोन दिवस टिकते. थर सुटला तर पुन्हा घुसळावे.

कोर्दोबाचे 'साल्मोरेखो' हे याचे दाट भावंड: त्यात काकडी-मिरची नसते, पाव आणि तेल बरेच जास्त असते, वर अंडे आणि खारवलेल्या हॅमचे तुकडे. मालागाकडचे 'आखोब्लांको' बदाम, लसूण आणि पावाचे, पांढरे, द्राक्षांसह वाढलेले. मध्य स्पेनमधल्या ला मांचातल्या 'गास्पाचोस मान्चेगोस'ने मात्र फसू नये. ससा किंवा तित्तिराचे मांस आणि बेखमीर रोटीचे तुकडे घालून केलेला तो गरम रस्सा आहे.