फिर्यादीचा झाला बंडखोर: सैतानाची यहुदी आणि ख्रिस्ती वाटचाल

हिब्रू बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात स्वर्गात दरबार भरतो. देवदूत परमेश्वरापुढे हजर होतात आणि त्यांच्या रांगेत सैतानही येऊन उभा राहतो. कुठून आलास, असे परमेश्वर विचारतो. पृथ्वीवर इकडेतिकडे हिंडून आलो, असे तो सांगतो. मग ईयोब या देवभक्त माणसाचा विषय निघतो. सैतानाचा मुद्दा वकिली आहे: याचे सगळे बरे चालले आहे म्हणून हा भक्ती करतो, काढून घ्या, मग बघा. परमेश्वर परवानगी देतो, पण हद्द आखून. आधी फक्त मालमत्ता, नंतर शरीर, जिवाला मात्र धक्का लावायचा नाही. आणि सैतान ती हद्द मुकाट पाळतो.

इथे बंड नाही, नरक नाही, शिंगे-शेपूट तर नाहीच. हा दरबारातला हुद्देदार आहे आणि माणसाच्या निष्ठेवर संशय घेणे हे त्याचे नेमून दिलेले काम. जखऱ्याच्या तिसऱ्या अध्यायात तो मुख्य याजक यहोशवाच्या उजव्या हाताला उभा राहून आरोप करतो. गणनाच्या पुस्तकात बलामाच्या गाढवीची वाट अडवणाऱ्या देवदूतालाही ‘सैतान’ (विरोधक) हाच हिब्रू शब्द लावला आहे. एदेन बागेतला सर्प म्हणाल, तर उत्पत्तीच्या पुस्तकात तो सर्पच आहे. सैतानाचे नाव त्या कथेत कुठेही येत नाही.

बदल कुठे सुरू झाला हे एका प्रसंगाच्या दोन नोंदींत दिसते. दावीद राजाने शिरगणती केली आणि तिची शिक्षा म्हणून मरी आली. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दाविदाला शिरगणतीला उद्युक्त करतो तो परमेश्वराचा कोप. त्यानंतर लिहिलेल्या पहिल्या इतिहासात तोच प्रसंग येतो, पण उद्युक्त करणारा आता सैतान आहे. देवाच्या माथी येणारे किटाळ कुणावर तरी ढकलायला हवे होते, आणि जवळ सापडला तो हा हुद्देदार.

या दोन नोंदींच्या मध्ये मोठी उलथापालथ झाली होती. इ. स. पू. 586 मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले, लोक बाबेलला (बॅबिलोनला) नेले गेले, आणि 539 मध्ये बाबेल इराणच्या कोरेश राजाच्या हाती गेले. इराणी धर्मातल्या अहुरमज्द हा भला देव आणि अंग्रमैन्यू ही दुष्ट शक्ती यांच्या झुंजीची छाया यहुदी विचारावर पडली का, यावर अभ्यासकांत वाद आहे. पडली असावी, पण सगळे श्रेय तिला देणे मला पटत नाही. त्याच काळातल्या यशयाच्या 45व्या अध्यायात परमेश्वर ठणकावून सांगतो की प्रकाश आणि अंधार, शांती आणि अरिष्ट, सगळे मीच घडवतो. खरा रेटा आतूनच होता. आज्ञा पाळूनही मार खावा लागतो, मग या जगावर राज्य नक्की कुणाचे?

त्यानंतरच्या ग्रंथांत उत्तरे भराभर येतात. हनोखाच्या पहिल्या पुस्तकात दोनशे देवदूत हर्मोन पर्वतावर उतरतात, माणसांच्या मुलींशी लग्ने करतात आणि पृथ्वी बिघडवतात. इ. स. पू. दुसऱ्या शतकातल्या जुबिली ग्रंथात दुष्टात्म्यांचा म्होरक्या मस्तेमा चक्क देवाकडे अर्ज करतो: सगळे आत्मे डांबून टाकू नका, काही माझ्या हाताखाली ठेवा. देव त्याला दहावा हिस्सा देतो. मृत समुद्राकाठी कुमरान इथे सापडलेल्या गुंडाळ्यांत तर प्रकाशाची लेकरे दुष्टांचा नायक बलियाल आणि त्याच्या अंधाराच्या सेनेशी लढाईला उभी आहेत.

ख्रिस्ती धर्म याच वातावरणात जन्मला. मत्तयाच्या शुभवर्तमानात सैतान येशूला जगातली सगळी राज्ये देऊ करतो. योहानाचे शुभवर्तमान त्याला या जगाचा अधिपती म्हणते. पहिल्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या, बायबलच्या शेवटच्या प्रकटीकरण या पुस्तकात अजगर, पुरातन सर्प, दियाबल आणि सैतान हे सगळे एकच ठरतात. पुढे ओरिजेनसारख्या धर्मपंडितांनी यशयाच्या 14व्या अध्यायात बाबेलच्या राजाला मारलेला टोमणा, ‘हे प्रभातपुत्रा, तू आकाशातून कसा पडलास’, सैतानाच्या पतनाला लावला. राजा बाजूला पडला, लॅटिन बायबलात प्रभातपुत्राला दिलेले लुसिफर हे नाव सैतानाला उरले. मोक्षाच्या कथेला आता तो लागतच होता: ख्रिस्ताने माणसाला सोडवले, तर कुणाच्या तरी तावडीतून सोडवले असणार. आजही वसईत किंवा गोव्यात कॅथलिक बाप्तिस्म्याच्या वेळी आईबाप आणि धर्ममातापिता सैतानाचा त्याग केल्याचे मोठ्याने सांगतात.

रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, दुसरी वाट धरली. हनोख आणि जुबिली त्यांनी आपल्या शास्त्रात घेतलेच नाहीत. तालमुदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या संग्रहात, रेश लाकिश हा रब्बी म्हणतो, सैतान, मनातली कुप्रवृत्ती आणि मृत्यूचा दूत एकच. आणि ही प्रवृत्तीही निव्वळ टाकाऊ नव्हे. एका कथेत लोक तिला तीन दिवस कोंडून ठेवतात, तर अख्ख्या देशात एक ताजे अंडे मिळेनासे होते! दुसरीकडे एक रब्बी शिकवतो की ईयोबाच्या बाबतीत सैतानाचा हेतू चांगलाच होता. ते ऐकून सैतान येतो आणि त्याच्या पायांचे चुंबन घेतो. यहुदी लोककथांत आणि कबाल या गूढविद्येत भुतेखेते, दुष्ट शक्ती पुष्कळ आल्या, पण देवाच्या तोडीचा शत्रू मुख्य प्रवाहात रुजला नाही.

या फारकतीची किंमत मात्र यहुद्यांनी मोजली. योहानाच्या आठव्या अध्यायात येशू विरोधकांना ‘तुमचा बाप सैतान’ म्हणतो. वाद यहुद्यांचा यहुद्यांशी होता, पण मध्ययुगीन युरोपने ते वाक्य अख्ख्या समाजाला चिकटवले. इंग्लंडच्या 1233 सालच्या एका सरकारी करवहीच्या माथ्यावर कारकुनाने नॉर्विचच्या आयझॅक या यहुदी सावकाराचे तीन तोंडांचे, मुकुट घातलेले चित्र काढले आहे आणि त्याच्या भोवती शिंगवाली भुते. यहुद्यांना देवाने टाकलेले किंवा शापित म्हणून दाखवू नये, असे कॅथलिक चर्चने अधिकृतपणे जाहीर केले ते 1965 मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत.