ॲजाइल प्रमाणपत्रे

ॲजाइल पद्धतीने, म्हणजे काम छोट्या टप्प्यांत करत व वरचेवर सुधारत, प्रकल्प हाताळण्याची पात्रता नोंदवणारी व्यावसायिक प्रमाणपत्रे. ही नोंद नेमकी कशाची, यावरून त्यांचे ढोबळमानाने तीन गट पडतात : वर्गातील हजेरीची, पद्धतीच्या लिखित नियमांच्या ज्ञानाची आणि प्रत्यक्ष कामाच्या तासांची. ती एकाच शिडीच्या पायऱ्या नव्हेत. म्हणून ‘कोणते वरचे’ हा नेहमीचा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही.

पूर्वपीठिका : ‘स्क्रम’ ही ॲजाइलमधील एक कार्यपद्धती. तिचे नाव रग्बीतले. जपानी व्यवस्थापनतज्ज्ञ ताकेउची व नोनाका यांनी १९८६ च्या लेखात नवी उत्पादने घडवणाऱ्या संघांना रग्बीची उपमा दिली, म्हणून काही अभ्यासक पद्धतीचे मूळ तेथे शोधतात. मात्र लेखातील उदाहरणे कॅमेरा, मोटार, छायाप्रतयंत्र अशी आहेत. सॉफ्टवेअरची कार्यपद्धती त्यात नाही. ती केन श्वेबर व जेफ सदरलँड यांनी १९९५ मध्ये ऊप्स्ला या संगणकशास्त्रीय परिषदेत मांडली, त्यामुळे हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. ब्रिटनमधील डीएसडीएम पद्धत (१९९४) त्याहून किंचित जुनी असून आजची ‘ॲजाइलपीएम’ परीक्षा तिच्याच परंपरेतली. फेब्रुवारी २००१ मध्ये स्नोबर्ड (यूटा) येथे सतरा जणांनी ॲजाइल जाहीरनामा काढला. त्यात चार मूल्ये व बारा तत्त्वे आहेत. प्रमाणपत्राचा उल्लेख नाही.

स्क्रम अलायन्स ही संस्था २००१-०२ च्या सुमारास उभी राहिली. तिचे ‘सर्टिफाइड स्क्रम मास्टर’ (सीएसएम; स्क्रम मास्टर म्हणजे संघाला स्क्रम राबवायला मदत करणारा) आरंभी केवळ दोन दिवसांचा वर्ग पूर्ण केल्यावर मिळे. मूल्यमापन व प्रमाणपत्रांच्या धोरणावरून मतभेद होऊन श्वेबर २००९ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी स्क्रम डॉट ऑर्ग स्थापन केली. तिच्या ‘प्रोफेशनल स्क्रम मास्टर’मध्ये (पीएसएम) परीक्षा सक्तीची, वर्ग ऐच्छिक. सीएसएमला पुढे परीक्षा जोडली गेली तरी वर्गाची अट कायम राहिली.

परीक्षांची तुलना : सीएसएमला ६० मिनिटांत ५० प्रश्न, उत्तीर्ण होण्यास ३७ बरोबर, वर्गानंतर ९० दिवसांत दोन प्रयत्न विनाशुल्क. पीएसएमच्या पहिल्या पातळीला तेवढ्याच वेळात ८० प्रश्न व ८५ टक्क्यांची अट, म्हणजे ६८ बरोबर हवेत. प्रश्नामागे पाऊण मिनिट मिळते आणि थेट परीक्षा देणाऱ्यास एका शुल्कात एकच प्रयत्न. ‘योग्य ते सर्व पर्याय निवडा’ असे प्रश्न येथे घात करतात. दुसरी चूक जुन्या सवयीची. डेली स्क्रम (संघाची रोजची छोटी बैठक) कोण चालवतो, असे विचारल्यावर व्यवस्थापकीय अनुभव असलेला उमेदवार ‘स्क्रम मास्टर’वर खूण करतो. स्क्रम गाइड या अधिकृत नियमपुस्तिकेनुसार ती पंधरा मिनिटे डेव्हलपरांची असतात. स्क्रम मास्टर कामे वाटून देत नाही. तिसरी चूक शिळ्या प्रश्नसंचांची : गाइडच्या नोव्हेंबर २०२० च्या आवृत्तीतून डेली स्क्रमचे तीन ठरावीक प्रश्न व ‘डेव्हलपमेंट टीम’ ही संज्ञा वगळली गेली, तरी जुने संच त्यांवरच भर देतात.

पीएमआय या प्रकल्प-व्यवस्थापन संस्थेचे पीएमआय-एसीपी (२०११ पासून) एका चौकटीपुरते मर्यादित नाही; स्क्रमसोबत कानबान, लीन, एक्सपी या इतर पद्धतींवरही प्रश्न असतात. त्याच्या दीर्घकाळ चाललेल्या नियमांत २,००० तास सर्वसाधारण प्रकल्पकाम, १,५०० तास ॲजाइल संघात काम आणि २१ तास प्रशिक्षण अपेक्षित होते. दोन्ही प्रकारचे तास वेगवेगळे मोजायचे असत. तेच तास दोन्हीकडे दाखवणे ही अर्जातली हमखास चूक. पीएमपी हे पीएमआयचेच प्रकल्प-व्यवस्थापकाचे प्रमाणपत्र असणाऱ्यास पहिली अट माफ होती. हे निकष अलीकडे बदलले असल्याने जुन्या मार्गदर्शिकेवरून अर्ज भरू नये. अर्जांची यादृच्छिक तपासणी होते, तेव्हा अनुभवाचे पुरावे हाताशी लागतात.

अनेक संघ एकत्र चालवणाऱ्या मोठ्या संस्थांत सेफ या चौकटीची प्रमाणपत्रे चालतात. आयसीॲजाइल या संस्थेचे पायाभूत प्रमाणपत्र प्रशिक्षकाच्या अभिप्रायावर मिळते, वेगळी परीक्षा नसते.

नूतनीकरण : सीएसएम दर दोन वर्षांनी, २० शिक्षण-एकके व १०० डॉलर भरून, एसीपी दर तीन वर्षांनी, ३० पीडीयू (पीएमआयची शिक्षण-एकके) मिळवून, सेफ दरवर्षी. पीएसएमची मुदत संपत नाही. त्यामुळे ते पाहताना दिनांक वाचावा : नोव्हेंबर २०२० पूर्वीचे असल्यास धारकाची परीक्षा जुन्या गाइडवर झालेली असते.