ड्रायलँड ड्रेज: पाणी नसलेल्या ड्रेजची पार्श्वभूमी

कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनाच्या कोरड्या भागात सोनं शोधणारे हौशी लोक आज जो सेटअप लावतात तो साधा आहे. एक छोटं पेट्रोल इंजिनवालं ब्लोअर, झाकणबंद बादली आणि खडकाच्या भेगेत घालायचा पाईप. ब्लोअर बादलीतली हवा ओढून घेतं. पाईप झाकणात तिरका बसवतात, म्हणजे आत आलेली हवा बादलीत गोल फिरते, खडी आणि जड माती तळाला पडते, हलकी धूळ हवेबरोबर निघून जाते. याला ते लोक ड्रायलँड ड्रेज (ड्रेज म्हणजे गाळ उपसायचं यंत्र) किंवा नुसतं व्हॅक्युम म्हणतात. बादलीत जमलेला माल मग ड्रायवॉशरवर, म्हणजे हवेनं माती उडवून सोनं वेगळं करायच्या यंत्रावर, आणि शेवटी पॅनमध्ये, म्हणजे पाण्यात हलवायच्या पसरट ताटलीत.

यातला ड्रायवॉशर खूप जुना. न्यू मेक्सिकोत ऑर्टिझ डोंगराजवळ 1828 मध्ये सोनं मिळालं तेव्हा पाण्याची बोंबच होती, आणि 1860 च्या दशकात ॲरिझोनात सोनोरातून आलेले मेक्सिकन खाणकामगार घोंगडीवर माती उडवून, वाऱ्यावर धरून सोनं वेगळं करायचे, आपल्याकडं खळ्यावर उफणणी करतात तसंच, फक्त इथं दाणे नाही तर सोनं खाली राहायचं. 1890 च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात कूलगार्डीला हेच झालं. नंतर भाता लावलेली तिरकी फळी आली, तिच्यावर कापड आणि आडव्या पट्ट्या, खालून हवेचे धक्के बसले की वाळू पट्ट्यांवरून उडत पुढं सरकते आणि सोनं पट्टीमागं अडकतं. साधारण 1900 च्या सुमारास विजेच्या दिव्यामुळं जगाला माहीत असलेल्या थॉमस एडिसननं ऑर्टिझला कोरड्या पद्धतीचा मोठा कारखानाच टाकला होता, तो चालला नाही. सोनं वाळूपेक्षा सहा-सातपट जड असतं, पण पाण्यात बुडवलं की हा फरक आणखी वाढतो, हवेत तो तेवढाच राहतो, त्यामुळं बारीक सोनं हवेत हातचं जातं. माती जरा ओली असली तर ड्रायवॉशर बंदच समजा.

ड्रेज हा शब्द मात्र नदीतून आला. दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्याखाली श्वास घ्यायची साधनं आणि हलकी इंजिनं स्वस्तात मिळायला लागली, आणि नदीतळावरची खडी ओढून घेणारं तरंगतं मशीन तयार झालं. पंपानं पाण्याचा जोराचा झोत पाईपमध्ये तिरका सोडला की मागं ओढ तयार होते, खडी वर येऊन स्लूसमध्ये, म्हणजे सोनं अडकवायच्या आडव्या पट्ट्यांच्या उतरत्या पन्हळीत, पडते. कॅलिफोर्नियात 1961 पासून याला पर्मिट लागायचं. 1974 च्या शेवटी अमेरिकन माणसाला सोनं जवळ ठेवायची पुन्हा मुभा मिळाली, जानेवारी 1980 मध्ये भाव औंसाला 850 डॉलरच्या आसपास गेला आणि मग नद्यांवर मशीनंच मशीनं दिसायला लागली. काही लोक मशीन काठावर ठेवून जुन्या नदीपात्राच्या उंच गाळात खड्डा करायचे, त्यात पाणी सोडायचे आणि तिथून ओढायचे, त्यालाही ड्रायलँड ड्रेजिंगच म्हणायचे. म्हणजे एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी, एक पाण्यावर चालणारी आणि एक नुसत्या हवेवर.

इथंच घोळ सुरू झाला.

2005 मध्ये कॅलिफोर्नियात क्लामथ नदीकाठच्या एका आदिवासी जमातीनं सामन मासे वाचवण्यासाठी या ड्रेजिंगविरुद्ध कोर्टात धाव घेतली. दुसरी काळजी पाऱ्याची होती आणि ती खरी आहे, कारण एकोणिसाव्या शतकात सोनं पकडायला वापरलेला पारा, अंदाजे 1 कोटी पौंड, तिथल्या पाण्या-मातीत सांडला, आणि मशीननं गाळ हलवला की त्याचे बारीक कण होऊन तो खाली वाहत जातो. 2009 मध्ये राज्यात नदीतल्या सक्शन ड्रेजिंगवर, म्हणजे पाईपनं गाळ ओढून घेण्यावर, स्थगिती आली. कायद्यात ड्रेजिंगला बंद असलेल्या पाण्यापासून 100 यार्डांच्या आत व्हॅक्युम किंवा सक्शन ड्रेज नुसतं जवळ बाळगायलाही बंदी होती. आता पाठीवर व्हॅक्युम घेऊन डोंगराकडं निघालेल्या माणसानं काय समजायचं? त्याच्या मशीनला पाणी लागतच नाही पण नावात व्हॅक्युम पण आहे आणि ड्रेज पण.

मग लोकांनी पळवाट काढली. नियमात व्याख्या अशी होती की ओढणारा पाईप, मोटारचा पंप आणि स्लूस हे तिन्ही एकत्र चालू असतील तर ते सक्शन ड्रेजिंग. काहींनी स्लूस काढून टाकला, बाकी काम चालू ठेवलं. 2013 मध्ये राज्याच्या मासे आणि वन्यजीव खात्यानं तातडीचा नियम काढून ती व्याख्याच बदलली, आणि 2015 च्या कायद्यानं तर आणखी पुढं जाऊन नदी, ओढा किंवा तळ्याच्या तळातून, काठातून किंवा पात्रातून माल काढायला, काढायला मदत करायला किंवा त्यावर प्रक्रिया करायला वापरलेली कुठलीही यांत्रिक किंवा मोटारवाली यंत्रणा यात घेतली. हातानं पॅन मारणं आणि मोटारीशिवायचं हौशी काम बाहेर ठेवलं. पण काठ म्हणजे कोरडा काठही आला. ज्या ओढ्याला वर्षात चारच दिवस पाणी असतं त्याचं पात्रही आलं.

मला हा निर्णय अर्धा पटतो. नदीतल्या पाऱ्यासाठी बंदी हवीच होती, पण वाहत्या पाण्यात गाळ ढवळणारं मशीन आणि वाळक्या भेगेतली माती बादलीत भरणारं ब्लोअर यांना एका वाक्यात बांधणं चूक होतं, आणि त्याचा त्रास छोट्या माणसाला झाला, मोठ्या खाणींना नाही. एका खाणकामगारावर विनापरवाना ड्रेजिंगचा खटला झाला, त्यानं 1872 च्या संघीय खाण कायद्याचा आधार घेतला, पण 2016 मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टानं एकमतानं बंदी कायम ठेवली आणि 2018 मध्ये देशाच्या सर्वोच्च कोर्टानं अपील ऐकायला नकार दिला.

याउलट संघीय सरकारच्या मोकळ्या जमिनीचे 2000 सालचे नियम बघा. त्यात नोटीस न देता करता येणाऱ्या किरकोळ कामांत हातानं आणि बॅटरीवर चालणारे ड्रायवॉशर नाव घेऊन दिलेत, पेट्रोलवाल्यांचं नाव नाही. त्यामुळं बॅटरीच्या पंख्यावर चालणाऱ्या ड्रायवॉशरला तिथं स्पष्ट आधार आहे. नवीन माणसानं सेटअप लावताना म्हणूनच आधी जमीन कुणाच्या ताब्यात आहे, जवळ ओढ्याचं पात्र आहे का आणि 100 यार्डांच्या आत बंद पाणी येतं का हे नकाशावर बघावं, मगच इंजिन घ्यायचं की बॅटरी ते ठरवावं.