उपाशी हार्ड डिस्क

गणपतीत बडोद्यात दांडिया बाजारला काकूंकडे गेले होते. आरती झाली, प्रसाद झाला, आणि काकूंनी कपाटातून रुमालात गुंडाळलेली हार्ड डिस्क काढली. "ही गेली म्हणतात गं. दुकानात दाखवली, तो म्हणाला नवी घ्या. पण ह्यांचं सगळं हिच्यातच आहे." काकांनी निवृत्तीनंतर वर्षानुवर्षं बसून घरातले जुने फोटो, आत्याच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट, आजोबांच्या आवाजातलं अथर्वशीर्ष, सगळं त्या हाताएवढ्या डबीत उतरवून ठेवलं होतं.

पुतण्याचा जुना लॅपटॉप टेबलावर होता. त्याला दीड मीटरची एक्स्टेन्शन केबल, तिच्या टोकाला डिस्कची स्वतःची केबल, आणि डिस्क झोपाळ्यावर. डिस्क लावली. दिवा लागला, आतून घुंऽ असा आवाज चढू लागला, आणि टक्. शांतता. पुन्हा घुंऽ, पुन्हा टक्. खरोखर बिघडलेली डिस्कही असाच आवाज करते, म्हणून दुकानदाराला पूर्ण दोष देता येत नाही. पण उपाशी, म्हणजे पुरेशी वीज न मिळालेली डिस्कही हाच आवाज करते, आणि ते तपासायला पाच मिनिटं पुरतात.

पोर्टेबल हार्ड डिस्कच्या आत चकचकीत तबकड्या असतात, बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या. त्यांच्यावरून वाचणारं हेड काही नॅनोमीटर उंचीवर हवेच्या पातळ थरावर तरंगतं. आपला केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून ते अंतर किती कमी ते कळेल. तबकडीने पुरता वेग घेतल्याशिवाय हा हवेचा थर तयार होत नाही, म्हणून तोवर हेड बाजूच्या उतारावर थांबून राहतं.

वेग घेणं हेच खर्चाचं काम. घरघंटी सुरू करताना ट्यूबलाइट क्षणभर मंद होते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मोटर फिरत असली की ती स्वतःच एक उलटा दाब, म्हणजे उलट दिशेचं व्होल्टेज, निर्माण करते आणि त्यामुळे आत शिरणारा करंट आटोक्यात राहतो. थांबलेल्या मोटरमध्ये हा उलटा दाब नसतो, शिवाय जड वस्तूला जागची हलवायचंही असतं. त्यामुळे सुरुवातीच्या काही सेकंदांत छोटी, म्हणजे अडीच इंची डिस्क ५ व्होल्टवर साधारण १ ॲम्पिअरपर्यंत करंट ओढते. एकदा फिरू लागली की त्याच्या निम्म्यात किंवा त्याहून कमीत तिचं भागतं. मोठ्या साडेतीन इंची डिस्कला मोटरसाठी १२ व्होल्ट लागतात. यूएसबीच्या साध्या पोर्टमधून ते मिळत नाहीत, म्हणूनच तिच्याबरोबर वेगळा अडॅप्टर येतो.

आता पोर्टची बाजू पाहू. यूएसबीचा पहिला आराखडा १९९६ साली आला. तो घडवणाऱ्या इंटेलच्या मंडळींमधलं प्रमुख नाव अजय भट्ट. ते शिकले आपल्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, आणि मला याचा फार अभिमान वाटतो. तेव्हा डोळ्यांसमोर होते कीबोर्ड, माउस, प्रिंटर. कीबोर्डला वीज लागते ती किती? त्यामुळे पोर्टने ५ व्होल्टवर जास्तीत जास्त ५०० मिलिॲम्पिअर, म्हणजे अर्धा ॲम्पिअर द्यावा असं ठरलं, आणि २००० सालच्या यूएसबी २.० मध्येही तेच राहिलं. २००८ च्या ३.० मध्ये मर्यादा ९०० मिलिॲम्पिअर झाली.

तेवढंही आपोआप मिळत नाही. नियमाप्रमाणे लावलेल्या यंत्राने आधी १०० मिलिॲम्पिअरवरच (३.० मध्ये १५० वर) भागवायचं, आपल्याला किती हवं ते संगणकाला कळवायचं आणि मंजुरी मिळाल्यावर पुढचं घ्यायचं. मग एक ॲम्पिअर ओढणारी डिस्क अर्ध्या ॲम्पिअरच्या पोर्टवर चालते तरी कशी? बऱ्याच संगणकांत करंट बरोबर पाचशेवर तोडत नाहीत. पोर्टमागे जो संरक्षक फ्यूज असतो तो थोडा वेळ जास्त करंट जाऊ देतो, आणि डिस्क बनवणारेही मोटर हळूहळू वेगात आणून सुरुवातीचा झटका कमी करतात. म्हणजे डिस्क पोर्टच्या सैलपणावर जगते. एका लॅपटॉपवर चालणारी डिस्क दुसऱ्यावर अडते ती यामुळेच.

काकूंच्या डिस्कचं दुखणं मात्र तिसऱ्याच ठिकाणी निघालं. माझ्या पर्समध्ये यूएसबीचा छोटा मीटर असतो, काहीशे रुपयांत मिळतो. एक्स्टेन्शनच्या टोकाला तो लावला. डिस्क न लावता आकडा ५.०८ व्होल्ट. डिस्क लावताच घुंऽ, आणि आकडा घसरत ४.४१ वर. टक्. पुन्हा ५.०८.

पातळ यूएसबी केबलमधली वीज वाहणारी तार बहुधा २८ गेजची असते. अशा तांब्याच्या तारेचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मीटरला साधारण ०.२१ ओहम. ऐकायला किरकोळ. पण करंट एका तारेने जातो आणि दुसरीने परत येतो, म्हणजे दीड मीटरच्या केबलमध्ये तीन मीटर तार झाली. रोध झाला ०.६ ओहमच्या वर. त्यातून १ ॲम्पिअर गेला की ०.६ व्होल्ट केबलमध्येच खर्च. बहुतेक डिस्कना ५ व्होल्टमध्ये ५ टक्क्यांची घट चालते, म्हणजे ४.७५ पर्यंत. त्याखाली गेलं की आतलं सर्किट काम थांबवतं. थांबताच करंट कमी होतो, व्होल्टेज पुन्हा चढतं, सर्किटला वाटतं वीज आली, आणि सगळं पहिल्यापासून.

हा खेळ तासभर चालू ठेवणं वाईट. वीज तुटली तरी फिरणारी तबकडी लगेच थांबत नाही. त्या क्षणी मोटर जनित्रासारखी वागते आणि तबकडीच्या उरलेल्या वेगातून निघालेल्या विजेवर हेड घाईघाईने उतारावर परततं. ही युक्ती मला फार आवडते. पण असं घाईचं परतणं भागांना झिजवतं. साधं परतणं डिस्कला लाखो वेळा झेपतं असं धरतात, अचानक वीज गेल्यावरचं परतणं हजारो वेळाच.

एक्स्टेन्शन काढली. डिस्क झोपाळ्यावरून उचलून टेबलावर, लॅपटॉपशेजारी ठेवली, कारण फिरणारी डिस्क हलवू नये. तीस सेंटिमीटरची आखूड केबल थेट पोर्टमध्ये लावली. घुंऽ आवाज चढला आणि स्थिरावला. टक् आलं नाही. आलं असतं तर मी तिथेच थांबून ती डेटा काढून देणाऱ्या माणसाकडे दिली असती. फॉरमॅट तर कोणत्याच परिस्थितीत नाही.

जिथे आखूड केबलनेही भागत नाही, तिथे स्वतःचा अडॅप्टर असलेला हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी, घ्यावा. बिनअडॅप्टरचा हब उलट घात करतो: मिळालेल्या ५०० मधले १०० स्वतःला ठेवून चार पोर्टना शंभर-शंभर वाटतो. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टपेक्षा मागचं बरं, कारण पुढच्याला कॅबिनेटच्या आतूनच लांब तार आलेली असते. दोन शेपट्यांची केबल दोन पोर्टमधून वीज घेते. यूएसबीच्या नियमांत ती बसत नाही, तरी अडल्या वेळी कामाला येते. टाइप-सी पोर्ट ५ व्होल्टवर ३ ॲम्पिअरपर्यंत देऊ शकतं, पण नुसता आकार पाहून तेवढं मिळेल असं धरू नये.

तीनशे जीबी नव्या डिस्कवर उतरायला जवळजवळ तीन तास लागले. मध्ये आजोबांचं अथर्वशीर्ष लावलं, तेव्हा काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या आणि शेवटपर्यंत उभ्याच राहिल्या. निघताना पाहिलं तर त्यांनी आखूड केबलवर चिकटपट्टी लावून पेनने 'हिचीच' असं लिहिलं होतं, आणि रबराने ती डिस्कला बांधून टाकली होती.