सुझुकींचे जावई

मारुती ८०० ज्यांच्यामुळे भारतात आली, ते ओसामू सुझुकी जन्माने सुझुकी नव्हतेच. १९३० साली गिफू प्रांतात जन्मलेले हे ओसामू मात्सुदा. शिक्षण कायद्याचं, नोकरी बँकेत. सुझुकी घराण्यातल्या मुलीशी लग्न झालं, त्यांनी सासरचं आडनाव लावलं आणि १९५८ मध्ये कंपनीत रुजू झाले. सासरे शुन्झो सुझुकी हेही कंपनीचे संस्थापक मिचिओ सुझुकींचे जावईच!

आपल्याकडे घरजावई हा टोमण्याचा विषय. जपानच्या व्यापारी घराण्यांत मात्र ती जुनी रीत. एदो काळातल्या (सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या) ओसाकाच्या पेढ्यांवर कोवळ्या वयातली पोरं कामाला लागत. आधी झाडलोट आणि निरोप्याचं काम, मग मालाची पारख, मग हिशेब. त्यातला एखादा पुढे मुख्य कारभारी होई. मालकाचा मुलगा कुचकामी निघाला, तर अशाच तावून सुलाखून निघालेल्या माणसाला मुलगी देऊन दत्तक घेत. मुलगा कसा निघेल हे नशिबावर, जावई पारखून आणता येतो, असा हा रोखठोक हिशेब. यात मुलगी फक्त दुवा. धंदा तिलाच का शिकवला नाही, हा प्रश्न उरतोच.

मिचिओ सुझुकींनी १९०९ मध्ये हामामात्सूत मागांचा कारखाना काढला. शुन्झो मासेमारीला सायकलवरून जात. वारा समोरून आला की पायडल मारून जीव मेटाकुटीला येई, त्यातून सायकलला इंजिन बसवायचं सुचलं, असं सांगतात. १९५२ मध्ये 'पॉवर फ्री' बाजारात आली.

ओसामू इंजिनिअर नव्हते. कारखान्यात फिरून, खर्चाला कुठे कात्री लागेल ते शोधत ते शिकले. १९७८ मध्ये अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी ४ लाख ७० हजार येनची स्वस्त 'अल्टो' आली. १९८२ मध्ये मारुतीसाठी भारत सरकारशी करार झाला. गुडगावच्या कारखान्यात साहेब आणि कामगारांना एकच गणवेश, एकच कँटीन, ही शिस्त सुझुकीकडूनच आली.

ओसामूंनीही पुढची धुरा जावयाकडेच देण्याचं योजलं होतं. सरकारी नोकरी सोडून आलेले हे जावई, हिरोताका ओनो, २००७ मध्ये वारले. सत्तरी ओलांडलेल्या सासऱ्यांनी पुढच्याच वर्षी पुन्हा अध्यक्षपद हाती घेतलं. २०१५ मध्ये ते मुलाकडे, तोशिहिरोंकडे गेलं. त्यांनीही उमेदवारीची वर्षं घरच्या कंपनीत नाही, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या निप्पोनडेन्सोत काढली होती.